बर्फावरील शर्यती पाहण्याची मौज



श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे आमचे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजाराकरिता प्रसिद्ध आहे, बर्फाकरिता नव्हे. आमच्या लहानपणी बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून आलेली लादी आणि ती किसून केलेला रंगीत गोळा, एवढेच आम्हांस ठाऊक होते. अशा गावच्या माणसाने हिवाळी ऑलिंपिकमधील शर्यती पाहण्याची मौज सांगावयास बसावे, याचे आपणांपैकी कित्येकांस हसू येईल. येऊ द्या. मजवर हा प्रसंग आला तो माझ्या नातवामुळे.

२०२२ सालच्या फेब्रुवारीची १३ तारीख, रविवार होता. चीनमध्ये बीजिंगजवळ येनचिंग येथील डोंगरावर स्कीची शर्यत चालली होती आणि त्या संपूर्ण हिवाळी ऑलिंपिकमधील भारताचे एकुलते एक स्पर्धक, काश्मीरमधील टंगमर्गचे आरिफ खान, तीत उतरले होते. मी मोठ्या आस्थेने पाहत बसलो होतो. शेवटी नातवाने विचारले, "आबा, आपला माणूस कितवा आला?" मी म्हणालो, "पंचेचाळिसावा." "मग त्यात बघायचं काय होतं?" असे म्हणून तो उठून गेला. जन्मभर शाळेत मुलांच्या प्रश्नांस उत्तरे दिलेल्या मनुष्यास हा प्रश्न अनुत्तरित सोडणे कसेसेच वाटले.

त्याच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. धावण्याच्या शर्यतीत आठजण एकदम सुटतात; कोण पुढे, कोण मागे हे लहान मूलही सांगेल. येथे मात्र डोंगराच्या उतारावर एकच मनुष्य, पायांस लांब अरुंद फळ्या बांधून, खुणेच्या काठ्यांमधून नागमोडी वळणे घेत खाली येतो. तो गेला की दुसरा. सर्वच सारख्या वेगाने येतात असे वाटते. प्रतिस्पर्धी दिसतच नाही. तो घड्याळात दडलेला असतो.

पण ही रीत आम्हांस अपरिचित आहे काय? घोड नदीच्या पलीकडे शिरूर, खेड, जुन्नर या बाजूस यात्रेत बैलगाड्यांची शर्यत होते, ती घाटात. तेथे गाडे जोडीने सुटत नाहीत. एकेक गाडा चढावरून धावतो आणि सेकंदाच्या अंशांवर निकाल लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींस मनाई केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, त्यामुळे त्या दिवसांत गावोगाव तोच विषय होता. घाटावर उभा राहणारा जाणता मनुष्य केवळ वेग पाहत नाही. बैल सुटताना कसे उठले, मध्यावर धाव मोडली काय, हे तो पाहतो, आणि घड्याळाने सांगण्यापूर्वीच मान हालवितो. मी नातवास पुन्हा बोलावले आणि म्हणालो, "हा घाटच समज; फक्त उतरता."

मग त्यास नियम सांगितले. या शर्यतीत दोन फेऱ्या असतात आणि दोहोंचा काळ मिळवून निकाल लागतो. एक खूण जरी चुकली तरी स्पर्धक बाद. पहिल्या फेरीतील पहिले तीसजण दुसऱ्या फेरीत उलट्या क्रमाने सोडतात. म्हणजे तिसावा अगोदर आणि पहिला सर्वांत शेवटी. ज्याने ही योजना केली त्यास नाटकाचे अंग असले पाहिजे! प्रत्येकजण आधीच्याहून सरस काळ नोंदविण्यास उतरतो आणि अग्रेसर वर एकटा उभा राहून वाट पाहतो. पडद्यावर मध्येच आकडे झळकतात. हिरवा आकडा म्हणजे पुढे, तांबडा म्हणजे मागे. वर हिरवा असलेला आकडा खाली येता येता तांबडा होतो, तेव्हा कोणत्या वळणावर तो घसरला हे शोधण्यात खरी गोडी आहे. त्या रविवारी स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाट याने सुवर्णपदक जिंकले; दुसऱ्या आलेल्या स्लोव्हेनियाच्या क्रान्येत्स याच्याहून तो केवळ ०.१९ सेकंदाने सरस ठरला. पापणी लवण्यास यापेक्षा फार वेळ लागत नाही.

आणि आरिफ खान? ओडरमाटहून ते सुमारे ३८ सेकंद मागे होते. हा आकडा ऐकून नातू पुन्हा हसणार इतक्यात मी त्यास थांबविले. नामांकित खेळाडू आधी उतरतात, तेव्हा वाट गुळगुळीत असते. प्रत्येकाच्या फळ्यांनी बर्फ खणला जातो आणि वळणावळणावर चऱ्या पडतात. पावसाळ्यात गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या रस्त्याने शेवटची गाडी हाकून पाहावी, म्हणजे अनुभव येईल. खालच्या क्रमांकाचा स्पर्धक त्या वाटेने येतो. त्यात त्या दिवशी हिमवृष्टी इतकी दाट होती की पुढचे नीट दिसेना. सुटलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दोन्ही फेऱ्या पुऱ्या करू शकले नाहीत, आणि त्यांत आरिफहून पुष्कळ वरच्या दर्जाचेही होते. पदके वाटून झाल्यावर, कोणी पाहत असो वा नसो, पडू नये आणि खूण चुकू नये एवढ्याच निर्धाराने उतरणारा मनुष्य मला तरी अत्यंत प्रेक्षणीय वाटला. नातू या खेपेस उठला नाही.

याहून भयंकर खेळ म्हणजे ल्यूज. लहानशा घसरगाडीवर उताणे निजून, पाय पुढे करून, बर्फाच्या वाकड्या पन्हळीतून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने जावयाचे. गाडीस ब्रेक नाही. पोटऱ्यांच्या दाबाने आणि खांद्यांच्या कलाने ती वळवावयाची. काळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. २०१० साली कॅनडात स्पर्धा सुरू होण्याच्याच दिवशी जॉर्जियाचा एक तरुण सरावात प्राणांस मुकला. हे ठाऊक असता तो खेळ निव्वळ करमणूक म्हणून पाहवत नाही, आणि पाहूही नये असे माझे मत आहे. मनालीजवळचे शिव केशवन १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा ऑलिंपिकमध्ये या खेळात उतरले. आपल्याकडे तशी पन्हळ नाही; म्हणून गाडीस चाके लावून ते हिमालयातील रहदारीच्या रस्त्यांवर सराव करीत. २०१४ साली रशियातील सोची येथे सरावाच्या फेरीत ते गाडीवरून पडले आणि धावत्या गाडीवर पुन्हा चढून फेरी पुरी केली.

कर्लिंग नावाचा एक शांत खेळही आहे. त्यात सुमारे वीस किलो वजनाचा दगड बर्फावरून सोडतात आणि दोघे त्यापुढे झाडूने बर्फ घासत धावतात. त्यायोगे घर्षण कमी होऊन दगड लांब व सरळ जातो. आमच्या घरातील स्त्रियांस तो फार आवडला. पुरुषांस एवढ्या मनोभावे झाडताना त्यांनी प्रथमच पाहिले असावे.

आपल्या महाराष्ट्रातही या खेळांचा अगदीच अभाव नाही. पुण्याच्या श्रुती कोतवाल चाकांच्या स्केट्सवरून बर्फावरील शर्यतींकडे वळल्या आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरल्या. लेह येथील राष्ट्रीय हिवाळी स्पर्धांतही महाराष्ट्राच्या मुलामुलींनी बर्फावरील स्केटिंगमध्ये पदके मिळविली आहेत. २०३० चे हिवाळी ऑलिंपिक फ्रान्समधील आल्प्स पर्वतात भरावयाचे आहे. नातवाने आतापासूनच बजावून ठेवले आहे की, त्या वेळी आकडे तो वाचील, मी केवळ वळणे पाहावीत.