घरातली टू-टू रायफल : ठेवावी, दुरुस्त करावी की देऊन टाकावी?

तळवलीची भातखाचरे गेली त्याला आता बराच काळ लोटला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, १९७० पासून सिडकोचे संपादन सुरू झाले आणि शिवार सातबाऱ्यापुरते उरले. तरी जुने घर पाडून नवी इमारत बांधायला काढली की माळ्यावरून शेतीच्या दिवसांतल्या वस्तू निघतात. इरले निघते, नांगराचा फाळ निघतो, आणि क्वचित एखाद्या घरात परवान्याची बंदूक. परवानाधारक म्हातारा तरी झालेला असतो किंवा वारलेला. मग भावाभावांत विषय निघतो, हिचं करायचं काय?

बंदूक ठासणीची किंवा बारा बोअरची असली तर तिचा मूळ हेतू तरी स्पष्ट असतो. पीक राखायला शस्त्र कायद्याने ठासणीची बंदूक धरली आहे, तिने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची. टू-टू रायफलची गोष्ट वेगळी. एनसीसीत गेलेल्यांना ही ओळखीची. हिच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून घोड्याची पिन मधोमध न बसता कडेवर बसते. इंग्रजीत हिला रिमफायर म्हणतात ते यामुळेच. एकदा उडालेले काडतूस पुन्हा भरता येत नाही. आवाज लहान, धक्का नाहीसा, त्यामुळे माणूस फसतो. गोळी मात्र दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तळवलीतून सुटलेल्या गोळीच्या वाटेत घर नाही, रस्ता नाही, रेल्वे नाही अशी दिशा आता शोधून सापडायची नाही. शिकारीचे म्हणाल तर ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपवलीच.

आधी वस्तू बघावी. हे काम घरच्या घरी करायचे ते एवढेच, की रायफल रिकामी आहे याची खात्री करणे. मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढून नळीचे तोंड डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे. दसऱ्याला पूजेनंतर रिकामा घोडा ‘टक टक’ वाजवायची हौस काही घरांत असते. टू-टूला ती बाधते. काडतूस नसले की पिन थेट नळीच्या काठावर आपटते, तिथे खाच पडते आणि पुढे काडतूस अडकू लागते. दुसरा शत्रू खाडीची हवा. कातडी किंवा कापडी म्यानात गुंडाळून वर्षानुवर्षे ठेवलेली रायफल बाहेरून चकचकीत दिसते, पण म्यान ओल धरून ठेवते आणि गंज आतून चालू असतो.

पिन, स्प्रिंग, काडतूस ओढणारी आकडी, दस्ता एवढ्यापुरते बिघाड असतील तर दुरुस्तीला अर्थ आहे. नळीतले आटे गंजाने खाल्ले असतील तर खर्च वाया जाईल. नळी फुगलेली वा चिरलेली असेल तर विषयच संपला, ती वापरू नये. आणि दुरुस्ती करायची ती परवानाधारक शस्त्र कारागिराकडेच. गॅरेजवाल्या मित्राने लेथवर पिन बनवून दिली, ही हुशारी नव्हे. परवान्याशिवाय शस्त्र दुरुस्त करणे हाच गुन्हा आहे, नळी आखूड करणे तर आहेच.

आता कागद. गोंधळ खरा इथे होतो. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय १९९४ साली झाले, म्हणून त्याआधीच्या परवान्यांवर दुसऱ्या कार्यालयाचा शिक्का दिसला तर घाबरू नये. चौकशी मात्र आयुक्तालयाच्या परवाना शाखेतच करावी. राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक परवान्यावर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजतात. सूट आहे ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, आणि कायद्यात तिथे टू-टूचे नाव घेऊन म्हटले आहे की निशाणेबाजीसाठी वापरत असेल तर ही मर्यादा नाही.

आणखी एक गोष्ट खाडीकाठच्या गावांनी ध्यानात घ्यावी. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचे असते आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. तळवली या पट्ट्यात सरळ बसते.

मूळ धारक हयात असेल तर वाट सोपी आहे. त्याचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे असले, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हाताऱ्याच्या सहीची किंमत लोकांना तो गेल्यावर कळते. तो वारला असेल तर रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, मग वारसाने अर्ज करावा. ‘बाबांची वस्तू हाय, राहू दे माळ्यावर’ म्हणून विनापरवाना ठेवली तर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे.

विकायची तरी घाई नको. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही, म्हणून चांगल्या अवस्थेतल्या जुन्या विलायती रायफलला मागणी असते. दोन-तीन विक्रेत्यांना दाखवावी. ओळखीच्या परवानाधारकाला द्यायची असेल तर त्याचे नाव-पत्ता लिहून पोलीस ठाण्याला किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पंचेचाळीस दिवस उलटल्यावरच हाती द्यावी. तोंडी व्यवहार कितीही जवळच्याशी असो, करू नये.

ठेवावी कोणी? आमच्या मते घरात कोणी खरोखर रेंजवर जाणार असेल त्यानेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटरमध्ये कांस्यपदक आणले ते याच टू-टू काडतुसावर. त्यामुळे पोरांना हौस वाटते. पण स्पर्धेची रायफल वेगळी असते, आजोबांची रायफल तिथे चालायची नाही. मुलाला नेम शिकायचा असेल तर त्याने क्लबमध्ये नाव घालून एअर रायफलवर सुरुवात करावी. रायफलचा निर्णय त्याच्यासाठी अडवून ठेवू नये. परवाना शाखेत जाताना जुना परवाना, मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रे आणि जमा केल्याची पावती, यांच्या दोन-दोन प्रती बरोबर न्याव्यात.