न खेळलेला सामना

लग्नात आहेर म्हणून भांडे देतात, तेव्हा त्यावर नाव घालतात. भांडे पाहिले की देणाऱ्याची आठवण होते. टेनिसच्या खेळातही असेच एक मोठे चांदीचे भांडे आहे. त्याला डेव्हिस कप म्हणतात. त्यावर जिंकणाऱ्या देशांचे नाव कोरतात.

टेनिसमध्ये मधोमध जाळी बांधतात. दोन्हीकडचे खेळाडू रॅकेटने चेंडू जाळीपलीकडे मारतात. ड्वाइट डेव्हिस या अमेरिकी तरुणाने हे भांडे बक्षीस म्हणून दिले. १९०० साली बोस्टन शहरात पहिली लढत झाली. अमेरिकेने ब्रिटनला हरवले. मग एकेक देश येत गेला. १९२१ साली भारतही उतरला.

इथे एकट्याचे काम नाही. देशाचा संघ खेळतो. एका लढतीत पाच सामने ठेवण्याची जुनी रीत आहे. चार सामने एकास एक, आणि एक जोडीचा. ज्याने तीन जिंकले, त्याची लढत.

१९६६ साली भारत शेवटच्या लढतीपर्यंत पोचला. तिथे ऑस्ट्रेलियाने हरवले. पुन्हा संधी आली १९७४ साली. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, म्हणजे आपल्या थेरगावापासून काही कोसांवर, भारताने सोव्हिएत रशियाला हरवले. विजय आणि आनंद हे अमृतराज बंधू तेव्हा ऐन भरात होते. आता एकच लढत उरली. समोर दक्षिण आफ्रिका.

त्या देशात तेव्हा गोऱ्यांचे राज्य होते. काळ्या माणसाला मत नव्हते. शाळा वेगळी, वस्ती वेगळी, बसायचे बाकडेही वेगळे. तिथल्या हिंदी लोकांनाही हाच जाच होता. भारताने ठरवले, अशा राज्याच्या संघाशी खेळायचे नाही. न खेळताच भांडे दक्षिण आफ्रिकेला गेले.

हातातोंडाशी आलेला घास सोडणे सोपे नसते. खेळाडूंची वर्षांची मेहनत होती. पुढे १९८७ साली भारत पुन्हा शेवटच्या लढतीत गेला, पण स्वीडनकडून हरला. ते भांडे आपल्याकडे अजून आलेले नाही.

१९९४ साली दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मत मिळाले, जुने राज्य गेले. २००९ साली भारताचा संघ जोहान्सबर्गला जाऊन खेळला, आणि जिंकून आला. २०१७ साली तर डेव्हिस कपची लढत आपल्या शेजारी बालेवाडीत झाली. तिथे भारताने न्यूझीलंडला हरवले.

त्या भांड्यावर १९७४ सालासमोर दक्षिण आफ्रिकेचे नाव आहे. ते कसे लागले, हे आता तुम्ही स्वतः वाचले आहे. घरी मुलांनाही सांगा.