धावतो कोण : पाय की बूट?

६ ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत चालू होती. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे पार करावे लागतात. पहिला आला केनियाचा अब्राहम किबिवोट, वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद. दुसरा आला बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे, वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद. फरक फक्त ०.०५ सेकंदाचा.

हा फरक किती, ते विद्यार्थ्यांकडून फळ्यावर काढून घ्यावे. ३००० मीटरला ४९१.२ सेकंदांनी भागले की सरासरी वेग येतो सेकंदाला ६.१ मीटर. त्याला ०.०५ ने गुणले की सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या कंपासपेटीसोबत मिळणाऱ्या लांब पट्टीएवढे अंतर! एकूण वेळेच्या तुलनेत हा फरक दहा हजारांत एक इतका आहे. सुवर्ण आणि रौप्य यांच्यातील अंतर जर एवढे सूक्ष्म असेल, तर धावपटूच्या पायाखाली काय आहे, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. गेली काही वर्षे ॲथलेटिक्सच्या जगात याच प्रश्नावर वाद चालू आहे.

चेंडूचा प्रयोग

बुटाचा सोल काय करतो हे समजण्यासाठी वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. एक मीटर उंचीवरून रबरी चेंडू, टेनिसचा चेंडू आणि चिंध्यांचा चेंडू फरशीवर सोडा. प्रत्येक चेंडू किती उंच उसळतो ते भिंतीवर लावलेल्या पट्टीवर वाचा. पाच-पाच वेळा मोजून सरासरी काढा. चेंडू ६५ सेंटिमीटर उसळला तर त्याने ६५ टक्के ऊर्जा परत दिली, उरलेली उष्णता व आवाज यांत गेली. कोणताही चेंडू एक मीटरच्या वर उसळणार नाही. ऊर्जा परत मिळू शकते, नव्याने निर्माण होऊ शकत नाही.

धावताना प्रत्येक पावलाला सोल असाच दबतो आणि पुन्हा उसळतो. लांब पल्ल्याच्या जुन्या पातळ बुटांचा फोम दाबला असता सुमारे ६५ टक्के ऊर्जा परत देत असे. २०१७ च्या सुमारास बाजारात आलेल्या नव्या फोममध्ये हे प्रमाण ८७ टक्क्यांपर्यंत गेले. शिवाय हा फोम वजनाने हलका, म्हणून सोल जाड करता आला. त्यात कार्बन तंतूंची एक ताठ, वक्र पट्टी बसवली गेली. या पट्टीमुळे पायाची बोटे कमी वाकतात आणि घोट्याभोवतीच्या स्नायूंचे काम काहीसे बदलते. म्हणजे बूट हे इंजिन नव्हे. तो फक्त गळती कमी करतो.

मग २२ टक्के जास्त ऊर्जा परत मिळाली तर धावपटू २२ टक्के वेगाने धावेल का? मुळीच नाही. धावण्याचा बराचसा खर्च शरीराचे वजन पेलणे, पाय पुढे फेकणे यांवर होतो. टाचेमागचा स्नायुबंध तर स्वतःच एक उत्तम स्प्रिंग आहे. कोलोरॅडो विद्यापीठात १८ धावपटूंवर झालेल्या चाचणीत अशा बुटांमुळे शरीराचा ऊर्जाखर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी झाला. या संशोधनाला बूट बनवणाऱ्या कंपनीचेच अर्थसाहाय्य होते, त्यामुळे शंका घेतली जाणे योग्यच होते. पुढे इतर प्रयोगशाळांनीही मोजून पाहिले आणि साधारण ३ ते ४ टक्क्यांचे आकडे मिळाले. मात्र सर्वांना सारखा लाभ होत नाही, हेही दिसून आले. वेगात होणारी वाढ या टक्क्यांहून कमी असते, कारण वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो.

नियमांची मर्यादा

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये नियम केला, की रस्त्यावरच्या शर्यतींत सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि त्यात एकापेक्षा जास्त ताठ पट्टी नसावी. ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा २० मिलिमीटर आहे. यावर दोन बाजूंनी टीका होते. काही म्हणतात, हे बूट सर्वांना उपलब्ध आहेत, मग अन्याय कोणता? मेक्सिको येथे १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच सिंथेटिक ट्रॅक आला, तेव्हाही वेळा सुधारल्याच. दुसरी बाजू म्हणते, ट्रॅक सर्व स्पर्धकांना एकच असतो, बूट मात्र ज्याचा त्याचा आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीचा.

बुटांच्या जोडीला आता दिवेही आले आहेत. डायमंड लीगसारख्या स्पर्धांत ट्रॅकच्या आतल्या कडेला ठरवलेल्या वेगाने दिवे पळत जातात. वेग एकसारखा ठेवला तर ऊर्जा वाचते, हे त्यामागचे तत्त्व. जून २०२३ मध्ये इथिओपियाच्या लामेचा गिर्माने पॅरिसला असे दिवे असलेल्या शर्यतीत स्टीपलचेसचा जागतिक विक्रम केला, ७ मिनिटे ५२.११ सेकंद. आधीचा ७ मिनिटे ५३.६३ सेकंदांचा विक्रम २००४ चा होता, तेव्हा हे दिवे नव्हते. ऑलिंपिकमध्ये मात्र दिवे नसतात, तेथे डोके वापरूनच धावावे लागते.

आकड्यामागचा माणूस

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो ३७ वर्षे टिकला. २०१८ मध्ये साबळेने तो ८ मिनिटे २९.८० सेकंदांवर आणला आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत नेला. सैनींच्या वेळेपेक्षा हा सुमारे ४ टक्क्यांनी कमी आहे. यातला किती वाटा बुटांचा, किती ट्रॅकचा, किती प्रशिक्षणाचा आणि परदेशी स्पर्धांचा? हे वेगळे काढता येत नाही, कारण सर्व घटक एकाच वेळी बदलले. एका वेळी एकच घटक बदलावा, हा प्रयोगशाळेतला नियम इतिहास पाळत नाही. लष्करात असताना सियाचीनमध्ये सेवा केलेल्या या धावपटूचे श्रेय बुटाला देणे जितके चूक, तितकेच सैनींना मंद ठरवणेही चूक.

हा प्रश्न आपल्या शाळांपासून दूर नाही. नागपूर जिल्ह्यातील एखादी मुलगी मुरमाच्या मैदानावर, फक्कीच्या रेषांमधून, कॅनव्हासच्या बुटांत धावते. पीटीचे सर स्टॉपवॉचवर वेळ घेतात. बटण दाबणाऱ्या हाताच्या विलंबामुळे हातघड्याळाची वेळ विद्युत घड्याळापेक्षा सुमारे पाव सेकंद कमी भरते. नंतर तिचा आकडा सिंथेटिक ट्रॅकवर, महागड्या स्पाइक्समध्ये धावलेल्या मुलीच्या आकड्याशेजारी मांडला जातो आणि एखाद्या सेकंदावरून निवड ठरते. कागदावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात.

विज्ञानाच्या वहीत आपण निरीक्षणासोबत तापमान, उपकरण आणि पद्धत लिहायला सांगतो. क्रीडादिनाच्या नोंदवहीतही वेळेपुढे तीन रकाने वाढवावेत: मैदान कोणते, पायात काय होते, वेळ कशी मोजली. एवढ्याने अन्याय नाहीसा होणार नाही. पण निवड करणाऱ्याला आकड्याखालची जमीन तरी दिसेल.