कानातील चिमुकला पहारेकरी आणि त्याची साक्ष

डोळ्यांना निसर्गाने पापण्यांचे संरक्षण दिले आहे. प्रखर प्रकाश पडताच पापण्या मिटतात आणि बाहुली आकुंचन पावते. कानांना मात्र पापण्या नाहीत. माणूस गाढ झोपेत असतानाही ते उघडेच असतात. तथापि निसर्गाने कानांना अगदीच निराधार सोडलेले नाही. कानाच्या पडद्यामागील पोकळीत एक अतिशय लहान स्नायू असून मोठा आवाज होताच तो आपोआप आखडतो आणि आत जाणाऱ्या ध्वनीस काही अंशी आवर घालतो. वैद्यकशास्त्रात या क्रियेस ‘अकौस्टिक रिफ्लेक्स’, म्हणजेच ध्वनी-प्रतिक्षिप्त क्रिया, असे म्हणतात.

पहारेकरी म्हणून या स्नायूची शक्ती मर्यादित आहे. साक्षीदार म्हणून मात्र त्याचे मोल फार मोठे आहे. माणसाने एक शब्दही न उच्चारता, बोटही न उचलता, त्याच्या श्रवणमार्गात दोष कोठे असू शकेल हे हा स्नायू सांगतो. त्यामुळेच आधुनिक श्रवणचाचणीत या क्रियेला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

रचना आणि कार्य

बाहेरचा ध्वनी कर्णनलिकेतून कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्याची कंपने हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांच्या साखळीतून पुढे सरकतात आणि अंतःकर्णातील कॉक्लिया या शंखाकृती नलिकेपर्यंत पोहोचतात. तेथे कंपनांचे विद्युतसंदेशांत रूपांतर होऊन श्रवण मज्जातंतू ते मेंदूकडे नेतो.

या साखळीतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. त्याची उंची सुमारे ३ मिलिमीटर असते. त्याला जोडलेला ‘स्टेपिडियस’ हा स्नायूही हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये सर्वांत लहान असून त्याची लांबी सुमारे ६ मिलिमीटर भरते. मोठा ध्वनी कानी पडला की कॉक्लियाकडून निघालेला संदेश श्रवण मज्जातंतूमार्गे मस्तिष्कस्तंभात पोहोचतो. तेथून तो चेहऱ्याच्या मज्जातंतूमार्गे परत फिरतो आणि स्टेपिडियस आखडतो. रिकीब किंचित बाजूला ओढली जाते, हाडांची साखळी ताठर होते आणि कंपनांचा जोर कमी होतो. या साऱ्या व्यवहारात माणसाच्या इच्छेचा काहीही संबंध येत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ध्वनी एकाच कानात पडला तरी संदेश मस्तिष्कस्तंभातून दोन्ही बाजूंना जातो आणि दोन्ही कानांतील स्नायू एकाच वेळी आखडतात. निदानाची सारी युक्ती याच वस्तुस्थितीवर उभारलेली आहे. निरोगी कानात शुद्ध सुरांसाठी ही क्रिया साधारणतः ७० ते १०० डेसिबेलच्या दरम्यान सुरू होते.

माणूस स्वतः बोलू लागण्याच्या क्षणीही हा स्नायू आखडतो, त्यामुळे स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होत नाहीत. तसेच घोगऱ्या, खालच्या पट्टीतील गोंगाटाचा जोर कमी झाल्यामुळे वरच्या पट्टीतील उच्चार अधिक स्पष्टपणे कानी पडतात. चेहऱ्याच्या पक्षाघाताच्या काही रुग्णांमध्ये हा स्नायू दुर्बळ होतो. अशा रुग्णांना त्या बाजूच्या कानात साधे आवाजही असह्य वाटू लागतात. पहारेकरी जागेवर नसल्याचा हा परिणाम असतो.

पहाऱ्याच्या मर्यादा

निसर्गाने ही सोय केली आहे म्हणून मोठ्या आवाजाची भीती नाही, असा समज कोणी करून घेतल्यास तो घातक ठरेल. पहिली मर्यादा वेळेची आहे. ध्वनी कानी पडल्यापासून स्नायू आखडेपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत, काही वेळा त्याहूनही किंचित अधिक, काळ जातो. फटाक्याचा वा बंदुकीचा बार तोवर कॉक्लियापर्यंत पोहोचून आपले काम करून गेलेला असतो.

दुसरी मर्यादा पट्टीची आहे. हे संरक्षण मुख्यत्वे १००० हर्ट्झच्या खालील ध्वनींपुरते असते. याउलट गोंगाटामुळे येणारे बहिरेपण प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसू लागते. म्हणजे जेथे घाव बसतो तेथे ढाल पोहोचतच नाही. तिसरी मर्यादा थकव्याची आहे. कारखान्यातील यंत्रांचा अखंड खडखडाट किंवा मिरवणुकीतील तासन्‌तास चालणारा दणदणाट यांपुढे या स्नायूचा टिकाव लागत नाही.

म्हणूनच कायद्याने बाहेरून मर्यादा घालाव्या लागल्या आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबेलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांवरही बंदी आहे. कारखान्यातील कामगारांनी कानात बोळे किंवा कानांवर संरक्षक टोपणे घालणे हाच खरा उपाय होय.

चाचणी कशी केली जाते?

ल्यूशर या कर्णतज्ज्ञाने १९२९ साली कानाच्या फाटलेल्या पडद्यातून या स्नायूची हालचाल प्रत्यक्ष पाहिली. परंतु पडदा शाबूत असताना ती कशी टिपावी, हा प्रश्न होता. डेन्मार्कमधील ओटो मेट्झ यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून त्याचा मार्ग दाखविला. पुढे १९७० च्या सुमारास अमेरिकेतील जेम्स जर्गर यांच्या कार्यामुळे ही पद्धत दैनंदिन रुग्णतपासणीत रुळली. भारतातील श्रवण केंद्रांत ती आज ‘इम्पीडन्स’ चाचणी या नावाने परिचित असून टिम्पॅनोमेट्री या पडद्याच्या चाचणीबरोबरच केली जाते.

तपासणीत कर्णनलिकेच्या तोंडाशी मऊ रबरी टोकाची एक सळई घट्ट बसवितात. तिच्यातून २२६ हर्ट्झचा एक मंद सूर सतत सोडला जातो आणि पडद्यावरून परतणारा त्याचा अंश मोजला जातो. त्यानंतर ५००, १०००, २००० अशा निरनिराळ्या पट्ट्यांतील मोठे सूर, आवाज ५-५ डेसिबेलने वाढवीत, क्षणभर ऐकविले जातात. स्नायू आखडला की पडदा ताठर होतो, परतणाऱ्या सुराचे प्रमाण बदलते आणि यंत्राच्या पडद्यावरील रेषा वळते. ज्या पातळीवर हा बदल प्रथम दिसतो ती त्या कानाची प्रतिक्षिप्त क्रियेची पातळी होय. मोठा सूर कधी त्याच कानात, तर कधी विरुद्ध कानात दिला जातो. काही मिनिटांत तपासणी पूर्ण होते. सूर क्षणभर कर्कश वाटतो, परंतु वेदना होत नाहीत.

साक्ष काय सांगते?

नेहमीच्या ऑडिओग्रामवरून श्रवणक्षमता किती घटली हे कळते. मार्गात नेमके कोठे बिघडले, हे त्यावरून पूर्णपणे कळतेच असे नाही. एखाद्या ग्राहकाच्या खात्यात धनादेशाची रक्कम जमा झालेली नाही, एवढे खातेउताऱ्यावरून समजते. परंतु धनादेश शाखेतच राहिला, समाशोधनात अडकला की देणाऱ्या बँकेकडून परत आला, हे शोधण्यास प्रत्येक टप्प्याची चौकशी करावी लागते. प्रतिक्षिप्त क्रियेची चाचणी ही अशीच टप्प्याटप्प्याची चौकशी आहे.

समजा, एखाद्या व्यक्तीच्या उजव्या मध्यकर्णात पाणी साठले आहे. मोठा सूर कोणत्याही कानात दिला तरी उजव्या कानातील सळईला हालचाल टिपता येत नाही, कारण तेथील साखळीच अडलेली असते. रिकीब जागीच घट्ट होणाऱ्या ‘ओटोस्क्लेरोसिस’ या विकारातही असेच घडते. या विकारात पडदा वरून बहुधा निरोगी दिसत असल्याने ही खूण विशेष मोलाची ठरते.

दोष उजव्या श्रवण मज्जातंतूत असेल तर चित्र बदलते. उजव्या कानात सूर दिला असता दोन्हीकडील स्नायू स्वस्थ राहतात. डाव्या कानात दिला असता दोन्हीकडील स्नायू आखडतात. चेहऱ्याचा उजवा मज्जातंतू दुर्बळ असेल तर सूर कोठेही दिला तरी केवळ उजवा स्नायू निष्क्रिय राहतो. मात्र मध्यकर्णाच्या दोषातही सळई उजवीकडे निरुत्तर राहत असल्याने, या दोहोंतील भेद टिम्पॅनोमेट्री व इतर लक्षणांवरून करावा लागतो.

श्रवण मज्जातंतूवर गाठ असल्याचा संशय असल्यास आणखी एक परीक्षा घेतात. प्रतिक्षिप्त क्रियेच्या पातळीहून १० डेसिबेल अधिक मोठा सूर सलग १० सेकंद ऐकवितात. निरोगी कानात स्नायू तेवढा काळ आखडलेला राहतो. तो आरंभीच्या निम्म्याहूनही सैल पडल्यास मज्जातंतूत दोष असण्याची शक्यता लक्षात घेऊन पुढील तपासण्या, विशेषतः एमआरआय, सुचविल्या जातात. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते; परंतु ती जितकी लहान असताना सापडेल तितके उपचारांचे पर्याय अधिक असतात.

दोष कॉक्लियात असेल तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ऐकू येण्याची पातळी ५० डेसिबेलपर्यंत घसरलेली असूनही प्रतिक्षिप्त क्रिया मात्र निरोगी माणसाप्रमाणे ९० डेसिबेलच्या आसपासच सुरू होते. म्हणजे ‘ऐकू येत नाही’ आणि ‘फार मोठे वाटते’ यांमधील अंतर आक्रसते. घरातील वृद्ध व्यक्ती आधी ‘मोठ्याने बोला’ म्हणतात आणि आवाज चढविताच ‘ओरडता कशाला?’ असे विचारतात. हा हट्टीपणा नसून कॉक्लियातील दोषाचा परिणाम असतो. श्रवणयंत्र बसविताना आवाज किती वाढवावा याइतकेच तो कोठे थांबवावा हेही महत्त्वाचे आहे, ते याचसाठी.

जेथे उत्तर मिळत नाही तेथे

नेहमीच्या चाचणीत सूर ऐकू येताच कळ दाबावी लागते. तान्हे मूल, मतिमंद व्यक्ती किंवा पक्षाघाताने वाचा गेलेला रुग्ण यांच्याकडून असे उत्तर मिळणे अवघड असते. प्रतिक्षिप्त क्रियेला अशा सहकार्याची आवश्यकता नसते. सहा महिन्यांखालील बालकांसाठी मात्र २२६ ऐवजी १००० हर्ट्झचा सूर वापरावा लागतो. नवजात अवस्थेत तीव्र कावीळ झालेल्या काही बालकांत कॉक्लियाची चाचणी समाधानकारक येते, परंतु श्रवण मज्जातंतूचे कार्य विस्कळीत झालेले असते. अशा वेळी प्रतिक्षिप्त क्रियेचा अभाव हा सावधगिरीचा इशारा ठरतो आणि ‘बेरा’ ही पुढील चाचणी केली जाते.

भरपाई व दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांच्या संदर्भातही या चाचणीचे महत्त्व आहे. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत समाविष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या पट्ट्यांत ७० डेसिबेल हानी असलेली व्यक्ती बहिरी, तर ६० ते ७० डेसिबेल हानी असलेली व्यक्ती कमी ऐकू येणारी मानली जाते. एखादी व्यक्ती १०० डेसिबेलचा सूरही ऐकू येत नसल्याचे सांगत असेल आणि तिची प्रतिक्षिप्त क्रिया ९० डेसिबेललाच उमटत असेल, तर दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. केवळ खोटे दावे उघडे पाडण्यापुरता या परीक्षेचा उपयोग नाही. ज्याच्या प्रामाणिक तक्रारीवर विनाकारण संशय घेतला जातो, अशा कामगाराच्या बाजूनेही इतर वस्तुनिष्ठ चाचण्यांबरोबर ती आधार देऊ शकते.

लक्षात ठेवण्याजोगे

एकट्या साक्षीदारावर विसंबून निकाल देणे योग्य नव्हे. काही निरोगी व्यक्तींतही विशिष्ट पट्टीला, विशेषतः ४००० हर्ट्झला, ही क्रिया दिसत नाही. त्यामुळे अहवालात ‘रिफ्लेक्स अनुपस्थित’ असे वाचून घाबरून जाऊ नये. ऑडिओग्राम व टिम्पॅनोमेट्री यांच्याशी ताडूनच त्याचा अर्थ लावावा. तपासणीपूर्वी कानातील मळ तज्ज्ञाकडून काढून घ्यावा. मोठे आवाज सहन होत नसल्यास किंवा कानात सतत गुणगुण होत असल्यास तसे आधीच सांगावे. अचानक ऐकू येईनासे झाल्यास त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येत असल्यासही तपासणी लांबणीवर टाकू नये.

ही चाचणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत, तसेच मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व मैसूरु येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था यांसारख्या केंद्रांत उपलब्ध असते. जुने अहवाल बँकेच्या पासबुकाप्रमाणेच जपून ठेवावेत, कारण आजच्या नोंदीचा खरा अर्थ कालच्या नोंदीशी ताडल्यावरच उलगडतो.