शेजारातून येणारे चुंबकत्व

एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील वाहन-उद्योगाला चुंबकाचे मोल नव्याने उमगले. विजेच्या मोटारीतील चुंबक हवेची फट ओलांडून आपले बळ पोचवतो. परंतु या पट्ट्यापासून जवळच, पाषाण येथील ‘आयसर’ संस्थेत, आशिष अरोरा यांचा गट ज्या द्विमितीय अर्धवाहकांचा प्रकाशाच्या साह्याने अभ्यास करतो, त्यांवर चुंबकत्वाचा अंमल निव्वळ शेजारामुळेही चढू शकतो.

टंगस्टन डायसेलेनाइड हा असाच एक पदार्थ असून त्याचा एकेरी थर जेमतेम ०.७ नॅनोमीटर जाडीचा असतो. प्रकाश पडताच त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेला जातो, मागे धनभारित पोकळी उरते आणि विद्युत आकर्षणाने बांधली गेलेली ही जोडी, म्हणजेच एक्सायटॉन, एकत्र वावरते. इतक्या पातळ थरात ते आकर्षण फारसे झाकले जात नाही, म्हणून ही जोडी खोलीच्या तापमानालाही टिकते. तिचे दोन प्रकार असतात: एक डावीकडे फिरणारा वर्तुळध्रुवित प्रकाश शोषतो, दुसरा उजवीकडे फिरणारा. एरवी दोघांची ऊर्जा सारखीच असते. चुंबकीय क्षेत्रात ती वेगळी होते खरी, पण एका टेस्लाला अवघी ०.२३ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्रही बहुधा दीड ते तीन टेस्लाच असते.

२०१७ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हा थर क्रोमियम ट्रायआयोडाइड या थरयुक्त चुंबकावर ठेवला, तेव्हा सुमारे १३ टेस्लाच्या क्षेत्राने पडावे एवढे अंतर दोन ऊर्जांमध्ये पडले. त्या चुंबकाचे बाहेर पसरणारे क्षेत्र याच्या पासंगालाही पुरत नाही. घडते ते असे, की एकमेकांना टेकलेल्या थरांतील इलेक्ट्रॉनांच्या तरंगांचा सीमेवर किंचित मिलाफ होतो आणि विनिमय-आंतरक्रिया या पुंजभौतिकीय परिणामामुळे एका दिशेच्या फिरकीला ऊर्जेत झुकते माप मिळते. मध्ये काही अणूंएवढे अंतर पडले, तरी हा प्रभाव झपाट्याने ओसरतो.

चाकणच्या कारखान्यांना याचा आज काहीही उपयोग नाही, कारण क्रोमियम ट्रायआयोडाइड हवेतील ओलाव्याने खराब होते आणि त्याचे चुंबकत्व उणे २१२ अंश सेल्सिअसच्या खालीच प्रकटते. प्रयोगशाळेत मात्र हाच शेजार उलट्या बाजूनेही कामी येतो: अर्धवाहकातून निघणाऱ्या प्रकाशाची तीव्रता आणि ध्रुवण पाहून खालच्या चुंबकाचा कोणता भाग कोणत्या दिशेने चुंबकित आहे, हे ओळखता येते.