पडद्यावरचे राष्ट्रगीत

चित्रपट हे मुख्यत्वे डोळ्यांचे माध्यम होय, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातील एक प्रसंग या समजुतीला धक्का देतो. भर गावात जब्याचे कैकाडी कुटुंब डुकरामागे धावत असते. बघ्यांच्या हशात प्रेक्षागृहातील हशाही नकळत मिसळतो. डुक्कर हाती येणार, तोच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर ऐकू येतात. जब्या जागीच ताठ उभा राहतो. पाठोपाठ घरची माणसेही. डुक्कर मात्र निघून जाते. त्याला नागरिकशास्त्र कोणी शिकविलेले नसते!

येथे दिग्दर्शक रडवे पार्श्वसंगीत योजीत नाही. शाळकरी वयापासून कानांत मुरलेले सूर तेवढे वापरतो. त्या काळी महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजविले जाई. त्यासाठी नुकताच उभा राहिलेला प्रेक्षक आता उठावे की बसून राहावे, अशा पेचात सापडतो. गावात ज्यांना बरोबरीचे स्थान नाही, ती माणसे पडद्यावर सूर संपेतो स्तब्ध उभी असतात. मघाच्या हसण्याने प्रेक्षक ओशाळतो, आणि तोवर एक संवादही उच्चारला गेलेला नसतो.