आरओचं पाणी टँकमध्ये ओतण्यापूर्वी

निऑन टेट्रा किंवा डिस्कस पाळायचे आणि घरी बोअरवेलचं जड पाणी येतं, अशा वेळी आरओला पर्याय नसतो. मुंबईत मात्र तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुळातच मृदू असल्यामुळे क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी बहुतेक माशांना चालतं. म्हणून आधी नळाचं पाणी तपासा. गरज नसताना आरओ लावला, तर पाणी वाया जातं ते वेगळंच.

टीडीएस पेन पाण्यातली विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतं. नळाला ४०० आणि आरओला २० असा आकडा आला, तर मेंब्रेन सुमारे ९५ टक्के क्षार अडवतंय. मशीन सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी सोडून द्या, त्यात आकडा जास्त येतो. स्वयंपाकघरातल्या आरओला चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असेल, तर त्यात थोडं मूळ पाणी मिसळलेलं असतं. तिथे शंभरच्या आसपास आकडा आला म्हणून मेंब्रेन गेलं, असं समजू नका.

पण क्षार किती ते पेन सांगतं, कोणते ते सांगत नाही. त्यासाठी थेंबांचं किट लागतं. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि केएच म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. माझ्या मते सगळ्यात जपायचा आकडा केएचचा. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात आणि ते आम्ल बायकार्बोनेट शोषून घेतं. निव्वळ आरओच्या पाण्यात केएच जवळजवळ शून्य असल्यामुळे पीएच अचानक घसरू शकतो. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातले क्षार कल्ल्यांतून सतत बाहेर झिरपत असतात; पाण्यात क्षारच नसतील तर ही झीज भरून काढणं त्याला जड जातं.

किटच्या नळीत ५ मिली पाणी घ्या. एकेक थेंब टाकून हलवत राहा आणि रंग पालटेपर्यंत थेंब मोजा. एक थेंब म्हणजे एक अंश. केएच कमी असेल तर १० मिली पाणी घ्यावं, म्हणजे प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो. ताज्या आरओच्या पाण्याचा पीएच मोजण्यात अर्थ नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी तो खाली जातो.

सोपा मार्ग मिश्रणाचा. बोअरच्या पाण्याचा जीएच २०, केएच १२ असेल, तर एक बादली बोअर आणि तीन बादल्या आरओ मिळून जीएच ५, केएच ३ होतो. टेट्रांना हे छान मानवतं. मिश्रणात नळाचं क्लोरीनयुक्त पाणी वापरत असाल तर क्लोरीन काढणारा हायपो टाकायला विसरू नका.

मूळ पाणी वापरण्यासारखं नसेल, तर क्षार बाहेरून घालावे लागतात. १०० लिटरचा केएच एका अंशाने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. तो चमच्याने नव्हे, वजनकाट्यावर मोजा. बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा चालणार नाही. सोड्याने जीएच वाढत नाही, त्यासाठी कॅल्शियम सल्फेट आणि एप्सम सॉल्ट किंवा तयार मिनरल पावडर लागते.

क्षार घातलेल्या पिंपात एअर स्टोन सोडून रात्रभर ठेवा. सकाळी केएच, जीएच, पीएच आणि तापमान तपासा. टँकशी जुळलं की एका वेळी २०-२५ टक्केच पाणी बदला, तेही सावकाश.

रोज बाष्पीभवनाने घटणारं पाणी मात्र साध्या आरओनेच भरा. वाफ होते ती पाण्याची, क्षार टँकमध्येच राहतात. तिथेही मिनरल घातलेलं पाणी ओतत राहिलात, तर महिन्याभरात टीडीएसचा आकडा चढलेला दिसेल.